शनवार तेल्यांचं मशीन

रविवारी सकाळी एदना कंप्युटर सेंटरच्या दारात पोचली आणि काहीतरी बिनसलंय हे तिला आत न जाताच कळलं. एरवी रविवारी शौल अंकल हातात कॉफीचा ग्लास घेऊन दाराशी उभे असायचे आणि तिला उशीर झाला म्हणून टोमणा मारायचे. ती वेळेवर आली तरी मारायचे. आज ना कॉफी होती, ना टोमणा. म्हातारा आत कन्सोलच्या पडद्यापुढे हात मागे बांधून उभा होता.

"काय झालं, शौल अंकल?"

"मला काय विचारतेस? मी वायरमन माणूस. लाइट आहे, पंखे फिरतायत, डिस्कची दोन्ही कपाटं चालू आहेत. फक्त तुझं मशीन वर येत नाही."

एदनाने खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता पडदा वाचला. मशीन उठायला निघालं होतं आणि अर्ध्या वाटेत बसलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की पहिल्या डिस्कवर ओळखीची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, सापडत नाही, आता पुढे जाता येत नाही. गुरुवारी तिने स्वतःच्या हाताने या मशीनला नवं कर्नल बसवलं होतं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मशीन सुरू झालं की सगळ्यांच्या आधी हा उठतो, मग एकेका डिस्कला आणि टेपला हाक मारतो आणि कामाला लावतो. तोच अडखळला तर बाकीचं एवढं मोठं यंत्र म्हणजे नुसतं गरम हवा सोडणारं लोखंड. आणि हे यंत्र मोठंच होतं. नेगेवच्या वाळवंटातल्या बसकंपनीचा हा मेनफ्रेम, ओफाकिम गावात पोरांना काम मिळावं म्हणून एके काळी कुणा मंत्र्याने फीत कापून इथे बसवलेला. दक्षिणेतल्या कुठल्या ड्रायव्हरने कोणत्या दिवशी कुठली बस न्यायची, हे तोच ठरवायचा. मंत्री गेला, सरकारं गेली, पण मशीन राहिलं. त्याच्या आसऱ्याने गावातली बरीच घरं चालत होती, त्यातलं एक एदनाचं.

आता कंपनीच्या तेल अवीवच्या हेड ऑफिसला हे मशीन डोळ्यांत खुपायला लागलं होतं. दोन हजार पाच साल उजाडलं, आता वाळवंटात कंप्युटर कशाला, असं त्यांचं म्हणणं. सगळं उचलून तेल अवीवला न्यावं, तिकडच्या नव्या मशीनमध्ये घालावं आणि ओफाकिमला कुलूप लावावं, असा बेत शिजत होता. तेव्हा गेल्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये एदना उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलून बसली, की नवं कर्नल आम्ही आमचे आम्ही बसवू, पेसाखच्या सणाआधी बसवू, आणि एका बसलाही उशीर होऊ देणार नाही. बोलताना तिला फार बरं वाटलं होतं. हेड ऑफिसचा एलियाव, कंप्युटर खात्याचा दोन नंबरचा साहेब, तेव्हा शांतपणे म्हणाला होता, "बेसेदेर, ठीक आहे. पेसाखच्या आठवड्याच्या पाळ्या रविवारी दुपारपर्यंत सगळ्या डेपोंना गेल्या आणि तुमचं मशीन धडपणे चालत राहिलं, तर ते तिथेच राहील. नाहीतर मग माझ्याशी भांडू नका." पेसाखच्या आठवड्यात अर्धा देश बसमध्ये बसून दुसऱ्या अर्ध्याकडे जेवायला जातो. तेव्हा ही मुदत त्याने उगीच घातली नव्हती.

गुरुवारी सगळं सुरळीत झालं होतं. नवं कर्नल चढवलं, मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहिलं, दरवेळी गुणी मुलासारखं उठलं. शुक्रवारी सकाळी डेपोंच्या लोकांनी पेसाखच्या पाळ्यांवर शेवटचा हात फिरवला, सगळं डिस्कवर साठवलं, आणि दुपारी नेहमीप्रमाणे सेंटरला कुलूप लागलं. एदना घरी जाऊन चिकन करी करता करता चक्क गुणगुणली होती. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तिने पर्स खाली ठेवली न ठेवली तोच बाहेर गाडी थांबली. पाहणीला एलियाव यायचा होताच, पण दुपारी. तो सकाळीच आला. पन्नाशीचा, उंच, मनगटावर भलंमोठं घड्याळ, आणि आत आल्या आल्या त्याने पडद्याकडे पाहिलं.

"शालोम," तो म्हणाला. "हे असं केव्हापासून?"

"आत्ताच बघतेय," एदना म्हणाली.

एलियाव वाईट माणूस नव्हता, हे सांगून टाकायला हवं. एदनाला तो त्या क्षणी वाईट असता तर सोयीचं गेलं असतं. तो मेनफ्रेमवरच वाढलेला, हाडाचा इंजिनिअर होता. त्याने कोट खुर्चीला अडकवला, खुर्ची ओढली आणि पडद्यावरच्या ओळी भराभर वर-खाली करून वाचल्या.

"पहिली डिस्क, म्हणजे तुमची सिस्टिमची डिस्क. तिच्यावरची फाइल सिस्टिम गेली," तो म्हणाला. "नव्या कर्नलने काहीतरी वेडंवाकडं लिहिलं असेल. होतं असं. गुरुवारची टेप आहे ना?"

"आहे."

"मग रडत बसण्यात अर्थ नाही. पहिली डिस्क पुसायची, नवीन फाइल सिस्टिम घालायची, टेपवरून सगळं परत उतरवायचं. जेवणाच्या सुटीपर्यंत मशीन उभं राहील, पाळ्या डेपोंना जातील. प्रवाशांचे हाल होणार नाहीत." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "रिपोर्टमध्ये मात्र जे झालं ते लिहावं लागेल."

म्हणजे कुलूप. तरीही त्याचं म्हणणं बिनतोड होतं, आणि एदनाला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने बचावाची छोटी सिस्टिम टेपवरून चढवली. अशा आजारपणासाठीच ती ठेवलेली असते. तिच्यात फारसं काही नसतं, पण डिस्क तपासता येतात आणि पुसताही येतात, कर्नलने शेवटी दिलेल्या नंबरांवरूनच. टेप कुरकुरत फिरायला लागली तोच फोन वाजला. आई.

"एदना, तू नाश्ता न करता गेलीस."

"आई, आत्ता नको. मशीन बंद पडलंय."

"मला ठाऊक आहे. शौलच्या बायकोने सांगितलं." ओफाकिममध्ये बातमीला मेनफ्रेम लागत नाही. "मी एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलले आहे. तुझं मशीन चालू झालं की मंगळवारी मलिदा. पोहे घरात आहेत, नारळ तू आण."

"आई, न विचारता कशाला बोलतेस?"

"नवस काय तुझ्या साहेबाला विचारून बोलायचा? ठेवते. किचनचं एक कपाट धुवायचं राहिलंय, पेसाख तोंडावर आलाय."

एदनाने फोन ठेवला. एलियावला मराठी कळत नव्हतं, पण आई कळण्यासाठी भाषा लागत नाही. तो किंचित हसला. तोवर बचावाची सिस्टिम उभी राहिली होती. एदनाने हुकूम टाइप केला: पहिली डिस्क पूस. मशीनने शहाण्या नोकरासारखं विचारलं, खरंच पुसू का? आणि जी डिस्क पुसायची तिची माहिती खाली मांडली.

"हो म्हण," एलियाव म्हणाला.

एदनाने "हो" टाइप केलं. एंटर तेवढं बाकी होतं. बोट कळीवर टेकलेलं असताना तिची नजर त्या माहितीवर गेली आणि तिथेच थांबली.

"रेगा," ती म्हणाली. "एक मिनिट."

"काय?"

"ही डिस्क मोठी आहे."

"म्हणजे?"

"आमच्या सिस्टिमची डिस्क छोटी आहे. जुन्या कपाटातली, जुन्या मापाची. ही तिच्या तिप्पट आहे." तिने हळूच बोट उचललं आणि "हो" खोडलं. "एवढी मोठी डिस्क फक्त नव्या कपाटात आहे. ही सिस्टिमची डिस्क नाहीच. ही पाळ्यांची डिस्क आहे."

एलियाव वाकून बघायला लागला. आकडा त्याने दोनदा वाचला. पाळ्यांचा डेटाबेस त्या डिस्कवर थेट बसलेला होता, त्याला फाइल सिस्टिम नव्हतीच, त्यामुळे कर्नलला तिथे ती सापडणार तरी कशी? कर्नल खोटं बोललं नव्हतं, ते चुकीच्या दारावर टकटक करत होतं. आणि शुक्रवारी सकाळी डेपोंनी केलेलं काम गुरुवारच्या टेपवर नव्हतं. ते जगात एकाच ठिकाणी होतं, आणि एदनाचं बोट आत्ता तेच पुसायला निघालं होतं.

एलियाव खुर्चीत मागे टेकला. चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"मी तुला हो म्हणायला सांगितलं," तो म्हणाला.

"मीही म्हणालेच होते," एदना म्हणाली. तिने कळफलक जरा पुढे ढकलला. भीती होतीच, पण तिच्या खालून एक वेगळीच उकळी फुटत होती. काही बिघडलेलं नव्हतं. सिस्टिमची डिस्क शेजारीच सुखरूप होती, फक्त तिचा नंबर बदलला होता. आता नंबर का बदलला एवढंच शोधायचं होतं, आणि ते शोधल्याशिवाय ती आज कुणाला हलू देणार नव्हती.

"जुनं कर्नल डिस्कना पत्त्यावरून नंबर द्यायचं," ती मोठ्याने विचार करायला लागली. "आपण पत्ते लिहून दिले होते, त्याच क्रमाने. नवं तसं करत नाही. कुपात खोलीमच्या दवाखान्यासारखं आहे ते. जो आधी आला तो पहिला. जी डिस्क आधी ओ देईल तिला एक नंबर."

"पण गुरुवारी तर सगळं नीट उठत होतं, असं तूच म्हणतेस," एलियाव म्हणाला. "गुरुवार आणि आज, यांच्यात काय घडलं? काहीच नाही."

एदना त्याच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने शौल अंकलकडे पाहिलं.

"शब्बाथ," ती म्हणाली.

एलियावला काही उमगेना. तेल अवीवचं मशीन आठवड्याचे सातही दिवस चालतं, त्याला झोप ठाऊक नाही. एदनाने उठून त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीवर विजेच्या पॅनेलमध्ये एक जुनं, ताटाएवढं घड्याळ बसवलेलं होतं. कडेने लोखंडी खुंट्या. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, विजेला हात लावायचा नसतो, म्हणून घरोघरी दिवे लावायला-मालवायला छोटं घड्याळ असतं, त्याचाच हा थोरला भाऊ. शौल अंकलनी तरुणपणी स्वतः बसवलेला. शुक्रवारी दुपारी सेंटर बंद होतं ते मशीनसकट. शनिवारी तारे दिसले की घड्याळाच्या खुंट्या एकेक बटण दाबतात आणि सगळं आपोआप सुरू होतं. शब्बाथ उतरल्याबरोबर कुणाला धावत यावं लागत नाही.

"तुम्ही मेनफ्रेमला शब्बाथचं घड्याळ लावलंय," एलियाव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता अचंबा होता.

शौल अंकलना मात्र तो राग वाटला. घड्याळाला कुणी बोललं की त्यांना लागायचं. ते हिब्रूत सुरू झाले आणि तीन शब्दांत मराठीवर आले. "त्याला सांग, एदना. माझा आजोबा कोकणात घाणा चालवायचा. आपल्या यहुदी लोकांना गावात काय म्हणायचे? शनवार तेली. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, मग पाटलाचं लग्न असो. बैल घाण्याचा, पण शनिवारी तोसुद्धा झाडाखाली बसून. ती रीत मी या मशीनला लावली. त्यात वाईट काय केलं?"

एदनाने भाषांतर केलं, बैलासकट. मग विचारलं, "अंकल, घड्याळ आधी कुठलं कपाट लावतं?"

"जुनं. मग थोडं थांबून नवं. दोन्ही एकदम लावली तर मेन फ्यूज उडतो."

"मग जुनंच आधी जागं व्हायला हवं."

"लाइट आधी मिळते. जागं नंतर होतं." शौल अंकलनी खांदे उडवले. "म्हातारं आहे ते माझ्यासारखं. रात्रभर झोपलं की त्याच्या डिस्क फिरायला लागेपर्यंत नवं कपाट उठून तयार होऊन बसतं."

झालं. सगळं जागच्या जागी बसलं. गुरुवारी एदनाने कितीदा तरी मशीन बंद-चालू केलं होतं, पण कपाटांची वीज एकदाही तोडली नव्हती. दोन्ही जागी होती, म्हणून जुन्याने ओ आधी दिली. शनिवारी दोन्ही कपाटं झोपेतून उठली आणि नव्याने पुढे घुसून पहिला नंबर पटकावला. ते घड्याळ एदना लहान असल्यापासून त्या भिंतीवर होतं. भिंत जशी तपासायची नसते तसं तेही तिने तपासलं नव्हतं. या देशात दुसऱ्या कुणी इंजिनिअरने ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या कुणाचं मशीन शनिवारी झाडाखाली बसत नव्हतं.

पुढचं काम हाताचं होतं. बचावाच्या सिस्टिममधून तिने खरी सिस्टिमची डिस्क उघडली. सगळं जसंच्या तसं होतं, एक फाइल हललेली नव्हती. जिथे जिथे "पहिली डिस्क", "दुसरी डिस्क" असं लिहिलं होतं तिथे तिथे तिने डिस्कचा कायमचा पत्ता घातला, म्हणजे कुणी कधीही उठो, हाक त्यालाच जावी. मग बूटची, म्हणजे मशीन उठण्याची, नोंद नव्याने लिहिली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावरून ओळी सरसर जायला लागल्या. फाइल सिस्टिम सापडली, तपासली, बसवली. पाळ्यांचा डेटाबेस उघडला. शेवटी नेहमीचा साधा प्रश्न आला: कोण आहे, नाव सांगा.

एदनाने नाव सांगितलं. आधी तिने पाळ्या पाठवल्या. बेरशेबा, अराद, किर्यात मलाखी, एकेक डेपोकडून पोचल्याची खूण येत गेली. जेवणाची सुटी अजून व्हायची होती. शौल अंकल कुठूनतरी कॉफी घेऊन आले आणि ग्लास तिच्यापुढे ठेवत म्हणाले, "उशीर केलास." तिचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

एलियाव मात्र कोट घालत नव्हता.

"पाळ्या गेल्या, शाबास," तो म्हणाला. "मनापासून म्हणतो. पण मी खरं काय लिहू? मशीन धडपणे चाललं पाहिजे असं ठरलं होतं. दर शनिवारी तुम्ही त्याला झोपवणार. या शनिवारी रात्री तर पेसाखचा सेदेर, सगळा देश जेवणाच्या टेबलाशी. त्या रात्री ते उठलंच नाही तर? एकतर ते शनिवारी चालू ठेवा, नाहीतर मला ते तेल अवीवला न्यावं लागेल."

शौल अंकलना एवढं हिब्रू नीट कळलं. त्यांनी फक्त मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि ते बघून एदनाच्या मस्तकात तिडीक गेली.

"बंद करूया," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं बंद करूया. आत्ता. कपाटांसकट. मग शौल अंकल घड्याळ फिरवतील आणि आपण कुणीही कशालाही हात लावायचा नाही. ते आपलं आपण उठलं, तर तुम्ही लिहायचं की मशीन इथे राहील, आणि शनिवारी झोपेल."

"चालू मशीन तू मुद्दाम पाडणार?"

"हो."

एलियावने तिच्याकडे नीट पाहिलं. "पाड," तो म्हणाला.

शौल अंकलनी मेन खाली ओढला. इतकी वर्षं त्या खोलीत जो घुंईघुंई आवाज कुणाला ऐकूही येत नव्हता, तो थांबला, आणि शांतता अंगावर आली. कपाटं पार थंडावेपर्यंत तिघं तशीच उभी राहिली. मग अंकलनी चष्मा नाकावर सरकवून घड्याळाची तबकडी हाताने पुढे फिरवली. पहिली खुंटी बटणावर आली. जुनं कपाट गुरगुरलं. दुसरी खुंटी. नवं कपाट लगेच भिरभिरायला लागलं. तिसरी, आणि कर्नल उठलं.

त्याने जुन्या कपाटाच्या पत्त्यावर हाक मारली. ओ आली नाही. त्याने लगेच लिहून टाकलं की त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, आणि ते बसलं.

एदनाचा चेहरा उतरला. नंबराच्या भानगडीत ती एक गोष्ट साफ विसरली होती: जुनं कर्नल सुस्त होतं, उत्तर येईपर्यंत दारात उभं राहायचं. नवं चपळ होतं आणि चपळ माणसासारखंच अधीर. आता एलियाव कोट घालेल, असं वाटून तिने त्याच्याकडे बघायचंही टाळलं.

पण एलियावने खुर्ची पुढे ओढली होती. बाह्या वर केल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावरचा साहेब कुठेतरी गेला होता आणि तिथे कुणी भलताच तरतरीत माणूस आला होता. "त्याला थांबायला सांग," तो म्हणाला. "बूटच्या ओळीत. ठरावीक वेळ नको, तो पत्ता ओ देईपर्यंत." आणि शौल अंकलकडे वळून, "तुमच्या आजोबांचा घाणा रविवारी सकाळी लगेच तेल द्यायचा का?"

एदनाने भाषांतर केलं. अंकल प्रथमच हसले. "छे. लाकूड आखडलेलं असायचं. आजोबा म्हणायचे, त्याला आधी गरम होऊ दे, मग तेल माग."

"नू," एलियाव म्हणाला, "तेच त्याला सांग."

दोघांनी एका पडद्यापुढे बसून ते लिहिलं. एक ओळ एदनाची, एक दुरुस्ती त्याची, त्यावर तिची आणखी एक दुरुस्ती, जी त्याने मुकाट्याने मानली. बूटची नोंद पुन्हा लिहिली. पुन्हा मेन खाली. पुन्हा ती शांतता. शौल अंकलनी तबकडीला हात लावण्याआधी ओठांतल्या ओठांत एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं. एदनाने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, कारण तीही तेच करत होती.

पहिली खुंटी. जुनं कपाट गुरगुरलं. दुसरी. नवं भिरभिरलं आणि तयार होऊन बसलं. तिसरी. कर्नल उठलं, जुन्या पत्त्यावर हाक मारली. ओ नाही. पडद्यावर ओळ आली: वाट पाहत आहे.

तिघंही पाहत होती. जुनं कपाट कण्हत होतं, त्याच्यातल्या डिस्क वेग घेत होत्या. तीच ओळ पुन्हा आली. पुन्हा आली. एलियावने मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही, एदनाने नजर हलवली नाही. मग कपाटाचा आवाज एकसारखा झाला, कपाळावरचा हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर ओळी धावत सुटल्या. फाइल सिस्टिम सापडली. तपासली. बसवली. सगळ्या डिस्क आपापल्या नावाने हजर. आणि खाली तो साधा प्रश्न: कोण आहे, नाव सांगा.

कुणी हात लावला नव्हता. शौल अंकलनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि एसीच्या वाऱ्याने पाणी येतं म्हणाले. एदनाला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं. तिला फार, फार अभिमान वाटत होता: स्वतःचा, म्हाताऱ्या कपाटाचा, भिंतीवरच्या त्या ताटाएवढ्या घड्याळाचा, आणि ज्याला तिने कधी पाहिलं नाही त्या झाडाखालच्या बैलाचासुद्धा.

एलियावने फोन तिच्यासमोरच केला. "मशीन ओफाकिमला राहतंय," तो हेड ऑफिसला म्हणाला. पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. "हो, शनिवारी बंद. नाही, ते आपोआप उठतं. मी डोळ्यांनी पाहिलं." फोन ठेवून त्याने कोट उचलला. दारात तो थांबला. "तुझी आई सकाळी काय म्हणत होती?"

"मंगळवारी मलिदा आहे," एदना म्हणाली. "गोड पोहे, नारळ, फळं. मशीन उठलं तर करायचं बोलली होती. तुम्ही या."

"येईन," तो म्हणाला, आणि तो खरंच येणार हे तिला दिसलं.

संध्याकाळी ती नारळ घ्यायला गावात निघाली. बस आपल्याच कंपनीची. तिने पास दाखवला आणि पुढच्याच सीटवर बसली. ड्रायव्हर जाडजूड, मिशीवाला. त्याने समोरच्या काचेशी एक ताजा छापलेला कागद खोचला होता. पेसाखच्या पाळ्या. शाई अजून काळीकुळकुळीत होती.

"बघा," तो कुणाला तरी सांगायचंच म्हणून तिला सांगायला लागला. "सणाच्या आठवड्यात मला एलातची लांबची फेरी. बायको जीव घेईल. हे लोक तेल अवीवला थंड खोलीत बसून बटणं दाबतात, त्यांना ड्रायव्हरचं काय कळतं?"

एदना सकाळपासून उपाशी होती, तिची पाठ दुखत होती, आणि इतकी गोड कुरकुर तिने आयुष्यात ऐकली नव्हती. ती सीटवर ताठ बसली.

"तेल अवीवला नाही," ती म्हणाली. "ते लोक ओफाकिमला बसतात. तक्रार करायची असेल तर उद्या सकाळी या. मी तिथेच असते."